खेळता आला, तरच तो इतिहास

१/१२
व्हिडिओ गेम्सचा इतिहास सहसा चढत्या जिन्यासारखा सांगितला जातो: आधी ठिपके, मग रंग, मग त्रिमिती आणि आज जवळजवळ चित्रपटासारखी दृश्ये. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिच्यात यंत्र दिसते. त्या यंत्रापुढे बसून निर्णय घेणारा माणूस दिसत नाही. आजचा धागा त्या माणसाविषयी आणि त्याच्या पुसल्या जाणाऱ्या खुणांविषयी.

२/१२
१९५८. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळा. पाहुण्यांना प्रदर्शन कंटाळवाणे वाटू नये म्हणून भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनानंतर मात्र त्याचे भाग सुटे करून इतर कामांसाठी वापरले गेले. आपण काही जपण्याजोगे केले आहे, असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते.

३/१२
१९६२. एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' रचला. दोन याने, मध्यभागी एक तारा आणि त्याचे गुरुत्वाकर्षण. संगणकाची किंमत लाखभर डॉलरच्या वर; त्यामुळे खेळ विकण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची आज्ञावली मुक्तपणे इतरांच्या हाती गेली, आणि म्हणूनच ती टिकली. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात दुरुस्त केलेल्या पीडीपी-१ वर हा खेळ पुन्हा चालवला गेला आहे.

४/१२
१९७८. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स'. पडद्यावर ५५ परग्रहवासी. प्रोसेसर दुबळा असल्याने इतक्या आकृती सरकवायला वेळ लागे. शत्रू मरत गेले की भार कमी होई आणि उरलेले अधिक वेगाने धावत. निशिकादो यांनी ही उणीव झाकली नाही. उलट, खेळाचा सारा ताण तिच्यावरच उभा केला. यंत्राची मर्यादा आणि माणसाचा निर्णय येथे एकमेकांत मिसळलेले दिसतात.

५/१२
१९८१. 'डाँकी काँग'मधील उड्या मारणारा नायक शिगेरू मियामोतो यांना अगदी मोजक्या ठिपक्यांत रेखाटायचा होता. केस काढणे कठीण, म्हणून टोपी. नाक उठून दिसावे, म्हणून मिशा. हातांची हालचाल कळावी, म्हणून वेगळ्या रंगाचा कामगारी पोशाख. पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ हा असा अडचणींतून घडला. त्याचे रूप म्हणजे त्या काळच्या यंत्राचा दस्तऐवजच आहे.

६/१२
अटारी २६०० या घरगुती यंत्राची कार्यस्मृती होती १२८ बाइट. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्या स्मृतीत मावला नसता. त्याच यंत्रासाठी वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला. कंपनी निर्मात्यांची नावे देत नसे, म्हणून त्यांनी एका गुप्त दालनात स्वतःचे नाव दडवले. शिल्पकाराने मंदिराच्या कोपऱ्यात आपली खूण कोरावी, तसे.

७/१२
मग तंत्रज्ञान गौण आहे का? नाही. पण प्रत्येक नवे सामर्थ्य नवा प्रश्न घेऊन येते. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये त्रिमिती जग आले आणि प्रश्न उभा राहिला: पाहणाऱ्याने उभे कोठे राहायचे? उत्तर म्हणून ढगावर बसलेले एक पात्र कॅमेरा घेऊन मारिओच्या मागे फिरू लागले. कॅमेऱ्याची कल्पना त्यांनी खेळाच्या कथेतच रुजवली.

८/१२
कोणी म्हणेल, हे सारे चित्रफितींत जतन आहेच की. येथेच माझा मतभेद आहे. चित्रफितीत शेवटचा परग्रहवासी वेगाने धावताना दिसतो. पण त्या क्षणी बोटांना सुटणारा कंप तीत नसतो. नाटकाचे छायाचित्र म्हणजे प्रयोग नव्हे. खेळ हे साधन खेळूनच वाचता येते.

९/१२
'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ मधील पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. नव्या खेळांची स्थिती याहून नाजूक. २०१४ मधील 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि लोकांनी विकत घेतलेल्या प्रतीही निरुपयोगी ठरल्या. याउलट १९९३ च्या 'डूम'ची आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाली. तो खेळ आज असंख्य नव्या यंत्रांवर चालतो.

१०/१२
हा प्रश्न केवळ अमेरिका-जपानचा नाही. माझ्या लहानपणी मामाने टीव्हीला जोडायचा एक स्वस्त गेम आणला होता. निन्टेंडोच्या यंत्राची ती अनधिकृत नक्कल होती, हे मला फार उशिरा कळले. कॅसेटवर ९९९ खेळांचा दावा; प्रत्यक्षात तेच दहा-बारा फिरून फिरून येत. आपल्याकडच्या असंख्य मुलांनी मारिओ असाच पाहिला. अनधिकृत मालाची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? गेल्या दिवाळीत मी तो संच काढून जोडला. पडदा निळा झाला, पुढे काही नाही.

११/१२
भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. माझे मत स्पष्ट आहे: खेळांनाही हाच न्याय हवा. चालू स्थितीतील एक प्रत सार्वजनिक संस्थेकडे असावी. आणि सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने खेळ चालवण्याचा पर्यायी मार्ग मागे ठेवावा. तो व्यापाराला मारक नाही, कारण अशा खेळाची विक्री तिने स्वतःच थांबवलेली असते.

१२/१२
कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एवढे करा: माळ्यावरचा जुना संच भंगारात देण्यापूर्वी त्याचे, कॅसेटचे आणि खोक्याचे छायाचित्र घ्या. तो कोठून, कधी, केवढ्याला आणला, हे घरच्यांना विचारून लिहून ठेवा. आणि तो अजून चालत असेल, तर या धाग्याखाली अवश्य कळवा. मला तो खेळायला यायचे आहे.