मारका बैल आणि मोटारीचे पासिंग

पंधरा वर्षांची मोटार पुन्हा नोंदवून घेताना मालकास जो खर्च सोसावा लागतो आणि जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांविषयी आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात राग आहे. तो सर्वस्वी निष्कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. "गाडी माझी, पैसा माझा, आजवर कोणास धक्का लावला नाही, मग सरकारने माझ्या गाडीखाली वाकून पाहण्याचे कारण काय?" असा हा प्रश्न आहे. प्रश्न न्यायाचा आहे, आणि न्यायाचा प्रश्न म्हटला की तो केवळ आर.टी.ओ.च्या खिडकीपाशी सुटण्याजोगा राहत नाही. यास्तव या आठवड्यात आम्ही त्याचाच विचार करण्याचे योजिले आहे.

कायदा नेमके काय मागतो, हे तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांस ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. एवढ्या दीर्घ मुदतीत तिच्या ब्रेकची, स्टिअरिंगची वा टायरांची नियमित सरकारी तपासणी एकदाही होत नाही. मध्यंतरी आपण जो पी.यू.सी.चा दाखला घेतो तो केवळ धुराविषयीचा असतो. पंधरा वर्षे भरली म्हणजे गाडी नेऊन दाखवावी लागते, आणि ती योग्य ठरल्यास पुढील पाच वर्षांची मुदत मिळते. टॅक्सी, बस आणि ट्रक यांची गोष्ट निराळी. नवी गाडी पहिली दोन वर्षे योग्य मानली जाते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. म्हणजे पणजीचा टॅक्सीवाला पंधरा वर्षांत दहा वेळा तरी आपली गाडी पासिंगला नेतो. आणि त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जाणारा इंदूरचा वा बडोद्याचा खासगी मोटारमालक तेवढ्या काळात एकदाही नेत नाही.

परदेशी काय चालते तेही पाहावे. ब्रिटनमध्ये १९६० साली सक्तीच्या तपासणीचा आरंभ झाला तेव्हा ती दहा वर्षे जुन्या गाड्यांपुरती होती. त्या पहिल्या तपासणीत इतक्या गाड्या सदोष निघाल्या की १९६१ मध्ये ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. तेव्हापासून तेथे तीन वर्षांनंतर दर वर्षी गाडी तपासून घेतात. जपानात नव्या मोटारीस तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी द्यावी लागते. या मापाने पाहिले तर आमच्याकडील खासगी मालकास तपासणीचा जाच होतो असे म्हणण्यापेक्षा, ती फार उशिरा होते असेच म्हणावे लागेल.

तथापि तक्रारीत जे खरे आहे ते आम्ही दडपून ठेवणार नाही. पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण पूर्वी सहाशे रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी तीच फी दहा हजारांवर नेण्यात आली. तपासणीस जेवढा खर्च येतो तेवढा मालकाने द्यावा, यात वावगे काही नाही. परंतु गाडी जुनी म्हणून फी चढत जाते तेव्हा ती तपासणीचे मोल राहत नाही, दंड होते; आणि अपराधावाचून दंड करणे न्यायाला धरून नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेला मनुष्य वीस वर्षांची गाडी हौसेने ठेवतो असे क्वचितच घडते. ती निवृत्त शिक्षकाची असते, आजारी आईला इस्पितळात नेण्यासाठी दारात ठेवलेली असते, वर्षातून तीन-चार हजार किलोमीटर चालते. तिची तपासणी अवश्य व्हावी. पण ती जन्माला केव्हा आली एवढ्यावरून तिला शिक्षा होऊ नये.

दिल्लीत तर वयावरच सारा निवाडा झाला. दहा वर्षांवरील डिझेलच्या व पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने दिलेले आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांस पंपावर इंधनच न देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि लोकांच्या ओरडीमुळे थोड्याच दिवसांत स्थगित झाला. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला; वाद त्यानंतरही चालूच राहिला. दिल्लीची हवा किती बिघडली आहे हे सर्वश्रुत आहे, आणि तेथील लहान मुलांच्या श्वासाची चिंता कोणी हलकी मानू नये. परंतु तेथे नकोशी झालेली गाडी ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात विकली जाते, आणि राजधानीस जी नको ती ग्वाल्हेरच्या रस्त्यावर चालू शकते, यातील तर्क आम्हांस तरी समजलेला नाही. (गंमत अशी की ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न केलेल्या मोटारींस वार्षिक तपासणीच माफ आहे. तेथे म्हातारपण हा गुण ठरला, येथे गुन्हा!)

मग तपासणी मुळातच न्याय्य आहे की नाही? आमच्या मते आहे, आणि याचे उत्तर मोटारीचा शोध लागण्याच्या पुष्कळ पूर्वी देऊन ठेवलेले आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. एखाद्याच्या बैलाने माणसास हुंदडून ठार केले तर बैलाचा नाश करावा, पण मालक निर्दोष. मात्र तो बैल आधीपासून मारका असेल, मालकास तशी सूचना मिळालेली असेल, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर दोष मालकावर येतो, आणि तो दोष रक्ताचा असतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे, ती याच जातीची. घर तुझे खरे. परंतु त्यावरून कोणी पडून मेला तर त्याचे रक्त तुझ्या घरावर.

या जुन्या कायद्यात 'सूचना' हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. ज्याला ठाऊक नव्हते तो सुटला. ज्याला कळले आणि ज्याने काही केले नाही तो अडकला. मोटारीची तपासणी म्हणजे ही सूचनाच होय. आपला बैल मारका झाला आहे की नाही हे मालकास सांगण्याची ती व्यवस्था आहे. आणि मालकाचे अज्ञान खरे असते, ढोंग नसते, म्हणूनच तिची गरज आहे. जो मनुष्य रोज तीच गाडी चालवितो त्याला तिच्यातील दोष सर्वांत शेवटी कळतो. कारण ब्रेक रोज केसभर सैल होत जातो आणि त्याचा पायही रोज केसभर अधिक दाबण्यास शिकतो.

ब्रेकचाच दाखला पुरे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाळ्यात तर विशेषच. डॉट ३ या प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक कधीही जाणवत नाही. पण तीच गाडी सहा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीकडे उतरू लागली, चालकाने खालचा गिअर न घालता वळणामागून वळण ब्रेकवरच काढले, की ब्रेक तापतात, ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल काही एक प्रतिकार न करता तळाला जाते. त्या क्षणापर्यंत गाडीने 'आजवर कोणास धक्का लावलेला' नसतो. समोरून एखादा मनुष्य सायकलवर येत असेल तर त्याला या ऑइलाच्या वयाविषयी कोणी विचारले होते काय? त्याने त्या गाडीत बसण्याचे कबूल केलेले नाही, तिच्या मालकाची बचत त्याच्या खिशात जात नाही. धोका मात्र त्याचा आहे. 'गाडी माझी' हे उत्तर त्याच्यापुढे टिकत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. अमेरिकेत २००५ ते २००७ या काळात अपघातांच्या कारणांची जी मोठी पाहणी झाली, तीत शंभरांपैकी सुमारे चौऱ्याण्णव अपघातांत शेवटचे निर्णायक कारण चालकाकडे आढळले. गाडीकडे ते केवळ दोनांत आढळले. मग दोनांसाठी सर्वांस वेठीस का धरावे? टेक्सस राज्याने याच विचारसरणीने खासगी मोटारींची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. (तपासणी गेली, तिच्या बदली साडेसात डॉलरची फी मात्र वेगळ्या नावाने राहिली. सरकारे सर्वत्र सारखीच.) यावर आमचे म्हणणे असे की, पाहणीने मोजले ते साखळीतील शेवटचे कारण. घाटात गिअर न घालणारा चालक चुकलाच. परंतु ताजे ऑइल असते तर तीच चूक पोटात घातली गेली असती. शिवाय तेथील गाड्या आणि रस्ते यांचे प्रमाण जसेच्या तसे आपल्यास लावता येत नाही. तरी क्षणभर लावून पाहा. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील शंभरी दोन म्हणजे तीन हजारांहून अधिक. एवढ्या माणसांचे गाव आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल.

आता तक्रारीची ती बाजू, जिच्याविषयी मालक मोठ्याने बोलत नाहीत. गाडी दारात उभी असते, तिचे चाकही फिरलेले नसते, आणि कागद मात्र योग्यतेचा शिक्का घेऊन घरी येतो, असे घडत असल्याचे आपण सर्वच ऐकतो. अशा ठिकाणी तपासणी मालकावर अन्याय करते हे अगदी खरे. तिने त्याच्याकडून पैसे घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. परंतु एजंटाच्या हातावर चार नोटा जास्त ठेवून तो कागद विकत घेणारा कोण? सकाळ वाचते म्हणून जो असे करतो, त्याने सूचना मिळण्याचा मार्ग आपल्या हाताने बंद केला आहे. मारक्या बैलाच्या मालकास 'मला कोणी सांगितले नाही' असे म्हणता येत असे. याला तेवढेही म्हणता येणार नाही. लाच देणे हे पाप आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो, ते आर.टी.ओ.च्या आवारात लागू पडत नाही असे कोणत्या वर्गात शिकलो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील पाळकीय सेवेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. त्यांतील पहिली आज्ञा आपल्या दहा आज्ञांतील पाचवीच आहे: खून न करण्याची.

यंत्राने तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रे उभी करण्याचे जे नियम २०२१ मध्ये झाले, त्यांचे आम्ही म्हणूनच स्वागत करतो. चाके रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर यंत्र मोजते आणि आकडा लिहून देते. आणि तपासणी करणाऱ्या केंद्राने दुरुस्तीचा वा विक्रीचा धंदा करू नये, असे बंधन घातले आहे. दोष काढणाऱ्याचा दोषात फायदा नसावा, हे तत्त्व उत्तम. मात्र केंद्र दूर असेल आणि तेथे जाण्यात मजुरीचा दिवस बुडत असेल, तर हातावर पोट असलेल्या रिक्षावाल्यास त्याचा काय उपयोग? केंद्रे जिल्ह्याच्या गावी हवीत. पुन्हा दाखवावयास आणलेल्या गाडीची दुसरी फी घेऊ नये. आणि खासगी मोटारीस पंधराव्या वर्षी एकदम मोठा भुर्दंड देण्याऐवजी पाचव्या-सहाव्या वर्षापासून दोन-दोन वर्षांनी, अल्प फीत तपासणी द्यावी. वीस वर्षांची सांभाळलेली गाडी तीत उत्तीर्ण होईल, आणि सहा वर्षांची हयगय केलेली अनुत्तीर्ण होईल. न्याय तो हाच.

सरकार हे केव्हा करील ते करो. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाची नोव्हेना सुरू होते, आणि ३ डिसेंबरच्या सणापर्यंत बेळगाव भागातून कितीतरी कुटुंबे घाट उतरून जातात. त्याच रस्त्यांच्या कडेने पायी चालणारे यात्रेकरूही असतात, आणि त्यांतील पुष्कळ जण ऊन टाळण्यासाठी रात्री चालतात. जाण्यापूर्वी गाडी मिस्त्रीकडे नेऊन ब्रेक ऑइल केव्हा बदलले होते ते विचारावे. दोन वर्षे झाली असल्यास बदलून घ्यावे. टायरांच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते; टायर झिजून तिच्या पातळीस आला असेल तर तो टाकावा. हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही ना, हे अंधारात भिंतीपुढे गाडी उभी करून पाहावे. ज्या धर्मग्रामात एखादा मिस्त्री आहे, तेथील तरुणांनी नोव्हेनेपूर्वीच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्याला दोन तास आवारात बसविण्याची व्यवस्था केली, आणि त्याच्या श्रमाचे पैसे धर्मग्रामाने दिले, तर फारसा खर्च येणार नाही. फादरांनी गाड्यांना आशीर्वाद द्यावयाचा असेल तर तो त्यानंतर द्यावा.