मुख्याध्यापकाविना शाळा

शाळा सुधारावयाची तर आधी मुख्याध्यापक घडविला पाहिजे, हा विचार आता सरकारदरबारी मान्य झाला आहे. २०१२ साली दिल्लीत शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांना वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले. विचारात वावगे काही नाही. सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसणारा, मागे पडलेले मूल कोणते हे ठाऊक असणारा मुख्याध्यापक लाभला की शाळेचा कायापालट होतो. मात्र या प्रशिक्षणाचा साचा शहरातल्या मोठ्या शाळेचा आहे. तेथे शेकडो मुले, अनेक भाषा, स्वतंत्र कचेरी आणि हाताखाली कारकून असतो. माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावडे परिसरात हा साचा येऊन पोचला की पहिलाच प्रश्न पडतो: प्रशिक्षण द्यावयाचे कोणाला?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापकाचे पद दिले ते पट १५० च्या वर गेला तरच. सहावी ते आठवीसाठी ही अट १०० ची. डोंगराच्या कुशीतील वाड्या-पाड्यांवर एवढी मुले आणावयाची कोठून? तेथे दोन शिक्षक असतात, आणि त्यांतल्याच एकाच्या गळ्यात ‘प्रभारी’पद पडते. दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवीत त्याने पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवावा, शिष्यवृत्तीसाठी मुलांची बँक खाती उघडून घ्यावी, माहितीचे रकाने भरावे आणि तालुक्याच्या बैठकीस मुरबाडला जावे. जनगणना आणि निवडणूक ही कामे तर कायद्यानेच त्याच्या माथी ठेवली आहेत. अशा माणसाला ‘नेतृत्वा’वरील व्याख्यानास बोलावले की त्या दिवशी एका वर्गाला सुटी मिळते, एवढाच प्रत्यक्ष परिणाम होतो.

विविधता शहरात असते आणि खेड्यात सारे एकजिनसी, हाही शहरी मंडळींचा आवडता गैरसमज आहे. शहापूर-मुरबाडच्या शाळांत कुणबी, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी मुले एकाच बाकावर बसतात. कातकरी मुलाच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीपासून कितीतरी दूर आहे. ते मूल गप्प राहिले की ‘मंद’ ठरते. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावे हे २००९ च्या कायद्याचेही सांगणे. परंतु पहिलीच्या वर्गात त्या बोलीला जागा करून देण्याचा निर्णय शेवटी शाळेच्या प्रमुखालाच घ्यावा लागतो. प्राथमिक शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून, त्यांच्यात मिसळू शकणारे निवडावेत, असे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते. त्या मागणीचा अर्थ प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत अजून उतरलेला नाही.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हजेरीपत्रकात त्या मुलांपुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो. कोणती घरे जाणार हे गावाला आधीच ठाऊक असते. तेव्हाच ती यादी करावी, आजी-आजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागावे, भट्टीजवळच्या शाळेला कळवावे. मुख्याध्यापकाचे खरे शिक्षण येथे आहे. १९९० च्या दशकात श्रमजीवी संघटना आणि विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी याच जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून वाट दाखविली. त्याहीपूर्वी, १९५७ पासून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणावर नेली. तेथे शिक्षक घडले ते मुलांमध्ये राहून.

आश्रमशाळांची कथा निराळी आहे. त्यांचे मुख्याध्यापक आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्प कार्यालयाखाली, तर शेजारची जिल्हा परिषद शाळा शिक्षण विभागाखाली. पाड्यावर चौथी-पाचवी झालेले मूल आश्रमशाळेत दाखल होते, पण त्याला कोठे अडते हे एका प्रमुखाने दुसऱ्याला सांगण्याची सोय नाही. दोघांचे प्रशिक्षण एकत्र, टोकावड्यासारख्या मध्यवर्ती गावी घेतले तर खर्चही थोडा लागेल.

छोट्या शाळांना पटाच्या आकड्याने मुख्याध्यापक नाकारणाऱ्या व्यवस्थेने २०२३ साली तोच आकडा दाखवून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा घाट घातला. कमी पट म्हणजे कमी दर्जा, असा युक्तिवाद झाला. प्रमुखच न दिलेल्या शाळेच्या दर्जाचा जाब प्रथम सरकारने द्यावयास हवा. शेजारच्या चार-पाच पाड्यांच्या शाळा आहेत तेथेच ठेवून त्यांना मिळून वर्गाचा भार नसलेला एक मुख्याध्यापक आणि एक लेखनिक द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. प्रशिक्षणाचे ५० तास त्यानंतर सत्कारणी लागतील.

कार्यकर्त्यांनी शासननिर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, असे कायदाच सांगतो. कातकरवाडीतील आई त्या समितीत आहे काय, आणि असल्यास तिला बैठकीचे बोलावणे जाते की नुसता अंगठा घेतला जातो, हे प्रत्येक गावी पाहावे. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करावयाचा असतो. दिवाळीपूर्वीच्या बैठकीत तो मागून घ्यावा आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलांची नावे त्यात लिहून घ्यावीत.