स्टेल्थची कसोटी शॉपफ्लोअरवर

‘ॲम्का’ या दोन इंजिनांच्या, पाचव्या पिढीतल्या भारतीय स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासाला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाच नमुना विमानांसह या टप्प्याचा खर्च सुमारे १५,००० कोटी रुपये आहे. आराखडा बेंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचा. पण मे २०२५ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार विमान घडवण्यासाठी सरकारी आणि खासगी कंपन्यांना बरोबरीने बोली लावण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रातल्या सुट्या भागांच्या कारखानदारांनी या प्रकल्पाकडे गांभीर्याने पाहावे ते याच कारणाने.

स्टेल्थ म्हणजे पूर्ण अदृश्यता नव्हे. रडारची लहर विमानावर आदळून परतते, आणि ती किती परतते हे विमानाच्या ‘रडार छेदा’वर ठरते. इथले गणित निर्दय आहे. शंभर किलोमीटरवरून दिसणारे विमान त्याच रडारला पन्नासवर येईपर्यंत दिसू नये, एवढे साधायचे तरी रडार छेद सोळाव्या हिश्श्यावर आणावा लागतो. मोठा वाटा आकार उचलतो: पंख आणि शेपटीच्या कडा मोजक्याच दिशांना समांतर, हवा घेणारा मार्ग वळणदार, म्हणजे इंजिनाची पाती समोरून दिसत नाहीत, आणि क्षेपणास्त्रे पोटात. उरलेले काम मात्र आराखड्याच्या हातात नसते. दोन पॅनेलांमधली फट, किंचित वर राहिलेले रिव्हेटचे डोके, रडारलहरी शोषणाऱ्या लेपाची कमी-जास्त जाडी, यांतले काहीही लहर परत पाठवू शकते. देखभालीसाठी उघडलेले झाकण पुन्हा बसवतानाही सांध्याचे तेच माप साधावे लागते. म्हणजे ही अचूकता कारखान्यातून हवाई तळापर्यंत टिकवायची आहे.

आराखडे करणाऱ्यांची भारतात कधीच वानवा नव्हती. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्याकडे शिकलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्येच उडाले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांचे ‘मरुत’ हे लढाऊ विमान १९६१ मध्ये आकाशात गेले. अडले ते इंजिनावर: पुरेशा ताकदीचे इंजिन त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानासाठी हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन २००८ मध्ये त्या विमानापासून वेगळे करावे लागले, आणि आज अमेरिकी इंजिनांच्या पुरवठ्यातली दिरंगाई ‘तेजस मार्क-१ए’ला भोवते आहे. ‘ॲम्का’चीही सुरुवात अमेरिकेच्या जीई ४१४ इंजिनावरच होईल, पुढचे, जास्त ताकदीचे इंजिन फ्रान्सच्या साफ्रानसोबत विकसित करायचे आहे. रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या विमानप्रकल्पातून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे तो आडमार्गही उरलेला नाही.

अचूक घडणीच्या बाबतीत नाशिकजवळच्या ओझरचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) तिथल्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग-२१, पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० तयार झाली. त्यातून नाशिक परिसरात कसलेले हात घडले. परवान्यावरच्या उत्पादनात मात्र ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, पाळायची असते. ती तेवढीच का, हे मूळ आराखडा करणाऱ्यालाच ठाऊक असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच ठिकाणी ‘तेजस मार्क-१ए’ची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि नाशिकमध्ये जोडलेले पहिले विमान उडाले. इथे चुकलेल्या मापावर आराखडा करणाऱ्याशी थेट बोलता येते, ड्रॉइंग बदलून घेता येते. ‘ॲम्का’ची खरी पूर्वतयारी हीच.

मराठवाड्यातल्या कारखान्यांनाही हे क्षेत्र परके मानण्याचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत जवळजवळ निर्वात अवस्था टिकवायची आहे, वेल्डिंगमधली सूक्ष्म गळतीही तिथे चालत नाही. प्रत्येक सांध्याची तपासणी आणि तिची नोंद ठेवण्याची जी शिस्त तिथे लागेल, तीच विमानाच्या भागांना लागते.

लहान पुरवठादाराने सुरुवात करायची ती एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रापासून, त्रिमितीय मापनयंत्रापासून आणि कच्च्या मालाच्या लॉटपासून तयार भागापर्यंत माग काढता येईल अशा नोंदींपासून. ‘ॲम्का’चे पहिले उड्डाण या दशकाच्या अखेरीस अपेक्षित आहे आणि प्रमाणपत्रांची ही वाट काही वर्षांची असते. त्यामुळे ऑर्डर हाती आल्यावर तयारीला लागणाऱ्याला या फेरीत जागा मिळणे अवघड आहे.