विश्लेषण : लक्षद्वीपचे प्रवाळ एकदाच मोजून का भागत नाही?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपची छायाचित्रे देशभरातल्या मोबाइलवर फिरली. निळेशार पाणी, पांढरी वाळू, नारळाच्या बागा. तिथल्या पर्यटनाच्या योजना जुन्याच होत्या, त्यांना नव्याने जोर चढला. मात्र त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या निळ्या पाण्याखाली प्रवाळ पांढरे पडत होते. तो फोटो फारसा कुणी पुढे पाठवला नाही. अशा बेटांवर काहीही बांधायचे तर आधी वन्यजीव आणि अधिवासांचे सर्वेक्षण व्हावे लागते. ते कसे होते, त्यातून काय कळते आणि काय निसटते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

कंकणद्वीप म्हणजे काय?

समुद्रातला जुना ज्वालामुखी हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेने वाढलेली प्रवाळांची भिंत तेवढी पाण्यालगत उरते. बांगडीसारख्या या भिंतीच्या आत उथळ, शांत पाणी असते, त्याला लगून म्हणतात. भिंतीवर प्रवाळांचा चुरा साचून बेट तयार होते. लक्षद्वीपमधली ३६ बेटे प्रामुख्याने अशीच घडली. त्यांतल्या दहा बेटांवर वस्ती आहे. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, तीही बहुतेक ठिकाणी समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच उंच. लाटा अडवते ती प्रवाळभित्ती आणि बेटाला वाळू पुरवतात तेही प्रवाळच. भिंत मेली तर बेट झिजते. बंगारम बेटाजवळचे परळी-१ हे निर्जन बेट धूप होऊन समुद्रात गेलेच आहे.

कायद्याने संरक्षण कशाला?

भित्ती बांधणारे प्रवाळ, समुद्रकाकडी आणि महाशिंपले यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात स्थान मिळाले. हिरवे समुद्री कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. कवरत्तीजवळचे पिट्टी हे सव्वा हेक्टरचेही नसलेले वाळूचे बेट समुद्रपक्ष्यांसाठी अभयारण्य आहे. २०२० मध्ये समुद्रकाकडीसाठी चेरियापाणी प्रवाळभित्तीजवळ २३९ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. कागदावरची ही यादी भक्कम आहे. पण संरक्षण किती झाले हे कळायला मोजावे लागते.

मोजणी कशी होते?

पद्धत साधी, पण कष्टाची आहे. पाणबुडे प्रवाळभित्तीवर ठरावीक लांबीची टेप अंथरतात. टेपखाली जिवंत प्रवाळ किती, मेलेला सांगाडा किती, शेवाळ किती, याची नोंद पाण्यातच पाटीवर करतात. टेपच्या दोन्ही बाजूंचे मासे जातीनिहाय मोजतात. समुद्रगवतासाठी तळावर चौकट ठेवून तिच्यातली पाती मोजतात. कासवे बोटीतून किंवा ड्रोनने मोजता येतात, त्यांची घरटी किनाऱ्यावर पहाटे फिरून शोधावी लागतात. उपग्रहामुळे लगूनचा नकाशा मिळतो. पण जिवंत प्रवाळ आणि शेवाळ चढलेला सांगाडा यांत वरून फरक करणे कठीण असते. शेवटी माणसाला पाण्यात उतरावेच लागते आणि नैऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत तेही जमत नाही.

एका सर्वेक्षणातून काय निसटते?

मैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या प्रवाळांच्या १९९८ पासूनच्या नोंदी ठेवल्या. २०२२ पर्यंतच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आले. समजा, एखादे पथक २०२२ मध्येच पहिल्यांदा पाण्यात उतरले असते. त्याला हे २० टक्केच नेहमीचे वाटले असते आणि अहवालात 'प्रवाळांची स्थिती सर्वसाधारण' असे लिहिले गेले असते. निम्मी भिंत गेल्याचे त्याला कळलेच नसते.

याच नोंदींनी दुसरी गोष्टही दाखवली. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, मेले. मधल्या काळात ते सावरलेही, पण खरा वेग येण्यासाठी त्यांना सलग सहा वर्षे उसंत लागते. मग २०२४ चा तडाखा आला. जानेवारीत धडधाकट दिसणारी भित्ती मे महिन्यात पांढरी पडलेली असू शकते. आपल्याकडे मात्र पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी अनेकदा पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरेशी धरली जाते. दमेकरी माणसाचा एकदाच श्वास ऐकून त्याला डोंगर चढायला पाठवण्यासारखे हे आहे.

कासवे वाढली, मग बिघडले कुठे?

अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवे मोठ्या संख्येने चरू लागली. केवळ कासवे मोजली असती तर हे संवर्धनाचे मोठे यश ठरले असते. मच्छीमार मात्र सांगत होते की कासवांनी गवत संपवले आणि मासे कमी झाले. संशोधकांनी गवत आणि मासे दोन्ही मोजले. जिथे कासवांनी फार चरले होते, तिथे मासे खरोखरच कमी होते. पुढे गवत संपल्यावर कासवे दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली. प्राणी मोजताना त्याचा अधिवासही मोजला नाही, तर आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकतो. आणि रोज त्या पाण्यात उतरणाऱ्याचे म्हणणे 'तक्रार' म्हणून बाजूला सारले, तर सर्वेक्षण अर्धेच राहते.

मग विकास थांबवायचा का?

बेटांवरच्या लोकांना रोजगार हवा, बोटींची चांगली सोय हवी, दवाखाने हवेत. 'आधी दहा वर्षे मोजा' असे त्यांना सांगणे अन्यायाचे ठरेल. पण त्यांचा आजचा रोजगारही प्रवाळांवरच उभा आहे. लक्षद्वीपचा मच्छीमार टूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, जाळ्याने ओढत नाही. काठीला गळ लावून एकेक मासा पकडतो. त्यासाठी लागणारे जिवंत चाऱ्याचे छोटे मासे लगूनमधूनच मिळतात. लगूनमध्ये खांब ठोकून व्हिला उभारताना गाळ उडाला आणि प्रवाळ गुदमरले, तर पर्यटकाचे छायाचित्र बिघडेल, पण मच्छीमाराची चूल विझेल.

म्हणून मागणी थोडीच आहे. जमिनीवरच्या गरजेच्या कामांना अडवू नये. लगूनमधल्या कामांना मात्र एका हंगामाच्या अहवालावर परवानगी नको. उपलब्ध जुन्या नोंदींशी ताडून पाहणे सक्तीचे करावे. प्रवाळ पांढरे पडल्यावर ते सावरेपर्यंत तिथे खोदकाम, खांब, गाळ काढणे बंद ठेवावे. प्रत्येक वस्तीच्या बेटावर कायमच्या जागा ठरवून, तिथल्याच तरुणांना प्रशिक्षण आणि पगार देऊन दरवर्षी मोजणी करावी. आणि आकडे सर्वांना पाहता येतील असे खुले ठेवावेत.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात वीसेक मीटर खोल, एक बुडालेली प्रवाळभित्ती आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून तिला आंग्रिया बँक म्हणतात. ती राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने तिच्या संरक्षणाची जबाबदारी नेमकी कुणाची, हा गुंता आहे. तिथे संशोधकांच्या मोहिमा गेल्या आहेत, पण मोहीम आणि नियमित मोजणी यांत फरक आहे. लक्षद्वीपमध्ये कुणीतरी १९९८ साली मोजायला सुरुवात केली, म्हणून आज काय गेले ते सांगता येते. आंग्रियाबाबत वीस वर्षांनी हाच प्रश्न विचारला जाईल, तेव्हा उत्तर देता यावे असे वाटत असेल तर मोजणी आत्ताच सुरू व्हायला हवी.