रेरा आहे, पण जमिनीचे काय?

गोव्यात सदनिका घेणारा ग्राहक रेराची नोंदणी पाहून निश्चिंत होतो. ही निश्चिंती अपुरी आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन बदलण्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले, तेव्हा खरा धोका इमारतीखालच्या जमिनीत असल्याचे दिसले. २०१६ चा रेरा कायदा ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायला लावतो आणि नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ देत नाही. झोनबदल न्यायालयात टिकेल, याची हमी मात्र देत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी एक-चौदाचा उतारा, रूपांतर सनद आणि झोनिंग दाखला वकिलाकडून तपासून घ्यावा. झोन १७(२) खाली बदललेला असल्यास थांबण्यातच शहाणपण आहे.