पत्त्यांचंही समन्यायी वाटप हवं

गेल्या वर्षी शेंद्र्याच्या एका कारखान्यातलं काम माझ्याकडे आलं. मशीनवरचे आकडे मॅनेजरला घरबसल्या दिसावेत, एवढंच. प्रोग्राम दोन दिवसांत झाला. पुढचे तीन आठवडे गेले ते एका आयपी पत्त्यापायी. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने कारखान्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता दिलेलाच नव्हता. राउटरवर १००.६४ने सुरू होणारा आकडा दिसत होता, म्हणजे आमच्यासारखे कितीतरी ग्राहक एकाच पत्त्यामागे दाटीवाटीने उभे. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला वाट नाही. त्या गर्दीतल्या कुणी स्पॅम पाठवला, तर काळ्या यादीत आम्हीही जातो. चौकशी केली तर उत्तर आलं, "साहेब, पत्ते संपलेत. स्टॅटिक पाहिजे तर वेगळे पैसे, तेही असला तर."

पत्ते संपले हे खरं आहे. पण कुणाचे संपले, हा प्रश्न आपण विचारत नाही.

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटले गेले. आपली संस्था म्हणजे ब्रिस्बेनची एपनिक. तिचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला तळाला लागला. आज अमेरिकेच्या नावावर १५० कोटींहून अधिक पत्ते आहेत, १४० कोटींच्या भारताच्या नावावर चार कोटींच्या आसपास. एकट्या एमआयटी या विद्यापीठाकडे १.६ कोटींहून अधिक होते. त्यातले निम्मे त्यांनी २०१७मध्ये विकायला काढले आणि अ‍ॅमेझॉनने घेतले. जे फुकटात मिळालं होतं, ते विकलं गेलं.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वरची धरणं भरलेली आणि जायकवाडीत खडखडाट, हे आपण पाहिलंय. म्हणून तर २००५च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हा निकष मेंढेगिरी समितीमुळे आला. त्यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. पण वर राहणाऱ्याच्या मालकीचं पाणी नसतं, एवढं तरी कागदावर ठरलं.

पत्त्यांच्या बाबतीत मात्र आपले हुशार मित्र म्हणतात, "बाजार ठरवेल." बाजाराने पडून राहिलेले पत्ते वापरात आणले, हे मी नाकारत नाही. मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे साडेसहा लाखांहून अधिक पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, ते एरवी धूळ खात पडले असते. पण नियम ढिले सोडले की काय होतं, ते आफ्रिकेत पाहा. तिथल्या नोंदणी संस्थेने एका कंपनीकडचे साठ लाखांहून अधिक पत्ते २०२१मध्ये परत मागितले. कंपनी कोर्टात गेली, संस्थेची बँक खाती गोठली, २०२३मध्ये कोर्टाला संस्थेवर रिसीव्हर नेमावा लागला.

म्हणून नियम महत्त्वाचे. युरोपच्या संस्थेने पत्ते हस्तांतरित करताना गरज दाखवण्याची अट काढून टाकली. एपनिकने ती ठेवली. एपनिकच्या उरल्यासुरल्या साठ्यातून नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात, आणि ते पाच वर्षं विकता येत नाहीत. एमआयडीसीचा प्लॉट घेऊन मुदतीत बांधकाम केलं नाही तर तो परत जाऊ शकतो, त्याच जातीचा हा नियम.

आणि हे नियम करतं कोण? एपनिकच्या धोरण बैठका वर्षातून दोनदा होतात. प्रस्ताव कुणीही मांडू शकतो. बोलायला सदस्यत्व लागत नाही, ऑनलाइनही भाग घेता येतो. निर्णय सहमतीने होतो. भारतात पत्ते वाटणारी इरिन ही एपनिकच्याच रचनेतली राष्ट्रीय नोंदणी संस्था. इतकं दार उघडं असताना माझ्या ओळखीतला एकही इंजिनिअर, मीही त्यात आलो, कधी तिथे डोकावलेला नाही. ग्रामसभेला जायचं नाही आणि पारावर बसून सरपंचाला शिव्या द्यायच्या, त्यातला हा प्रकार.

"आता आयपीव्ही६ आलंय, जुन्यासाठी कशाला भांडता?" असंही म्हणतात. बरोबर. जिओ आल्यापासून भारत आयपीव्ही६ वापरण्यात जगात पुढे आहे. खिशातल्या फोनला नवा पत्ता असतो. कारखान्याच्या ब्रॉडबँडला नाही! नव्या पत्त्यांचा तुटवडा नाहीच, लहान पुरवठादारालाही मोठा गठ्ठा सहज मिळतो. तो घेऊन ग्राहकापर्यंत पोहोचवायचा कंटाळा आहे. जुन्या जगाशी बोलायला मात्र थोडे जुने पत्ते लागतातच, आणि शेवटचा साठा राखलाय तो त्याचसाठी.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जो पुरवठादार या राखीव साठ्यातून पत्ते मागेल, त्याने आपल्या ग्राहकांना आयपीव्ही६ देतोय हे आधी दाखवावं. मुदतीत दिलं नाही तर पत्ते परत. गरजेची अट आणि पाच वर्षांची बंदी यांना हात लावू नये. हा प्रस्ताव मी लिहायला घेतलाय. सोबत कुणी आलं तर बरं, नाहीतर एकटा मांडेन.

त्या कारखान्याचं काम शेवटी झालं. मुंबईतला एक क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला, मशीन त्याला आकडे पाठवतं, मॅनेजर तिथून पाहतो. शेंद्र्यातला आकडा शेंद्र्यातच राहणाऱ्या माणसाला मुंबईमार्गे मिळतो. आणि बिलात सर्व्हरच्या खाली आणखी एक ओळ येते, त्या एका पत्त्याचं तासावर मोजलेलं भाडं.