फुकट आहे, टाकून घे!

"मावशी, अगं फुकट आहे, टाकून घे!" आमच्या पुण्याच्या भाच्याचं हे आवडतं वाक्य. (हो, तुझ्याबद्दलच लिहिते आहे. खाली प्रतिक्रियेत भांडायला ये.) संगणकावर मराठी लिहिण्यासाठी कुठलाही नवा फाँट, कळफलक किंवा ब्राउझरचं ॲड-ऑन निघालं की तो दुवा पाठवतो आणि वर हे वाक्य जोडतो. मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. किंमत किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी विचारायचं ते असं की हे बाकीच्या गोष्टींशी जुळतं का, आणि उद्या मोडलं तर दुरुस्त कोण करणार?

इंग्रजीत लिहिणाऱ्याचं एखादं ॲड-ऑन बंद पडलं तर त्याची एखादी सोय जाते. आपलं बंद पडलं की आपण निरक्षर होतो. आपल्यासाठी मराठी हीच कितीतरी वर्षं वरून चिकटवलेली जोड होती. विंडोज एक्सपी आठवतं ना? त्यात मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि मग मूळ सीडी घालायची. ती सीडी कुणाकडेच सापडायची नाही. असो.

त्याच्याही आधीचा काळ फाँटांचा. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यातली अक्षरांची बैठकही वेगळी. माझ्या शिक्षकी भाषेत सांगते. वर्गात हजेरीपट असतो, सतरा नंबर म्हटलं की ठरलेला मुलगा उभा राहतो. आता समजा प्रत्येक शिक्षकाने स्वतःचा वेगळा हजेरीपट केला, तर एकाच्या सतरा नंबरला दुसऱ्याच्या वर्गात भलताच मुलगा उभा राहील. जुन्या फाँटांचं नेमकं हेच होतं. फाइलमध्ये मराठी नसतंच, असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांच्यावर 'क'चं, 'म'चं चित्र चढवलेलं. तो फाँट काढून घेतला की उरतो नुसता कचरा.

युनिकोडने सगळ्यांना एकच हजेरीपट दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीला त्यात १२८ जागांचा एक पट्टा आहे, आणि एकदा अक्षराला जागा दिली की ती हलवायची नाही किंवा काढून घ्यायची नाही, असा नियम आहे. ज्याला टिकाऊ आधार म्हणतात तो हा! गंमत बघा, 'ॲड-ऑन' या शब्दातल्या पहिल्याच अक्षराला, 'ॲ'ला, स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर आपण 'ऍ' लिहून वेळ मारून नेत होतो.

हे सगळं कोरडं वाटत असेल, तर एक खरा प्रसंग सांगते. माझ्या शाळेतल्या एक बाई, आता त्या नाहीत, निवृत्तीनंतर आपल्या माहेरच्या आठवणी वह्यांत लिहीत होत्या. २००४ मध्ये त्यांनी त्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या. पुढच्याच वर्षी २६ जुलैच्या पावसात घरात पाणी शिरलं आणि वह्या गेल्या. राहिली एक सीडी. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ती सीडी घेऊन नाहूरला माझ्याकडे आली. फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, मधूनमधून डॉलर आणि उद्गारचिन्हं! आईचं हस्ताक्षर गेलेलं, आणि हे असं समोर आलेलं. ती काही बोललीच नाही.

तो डीटीपीवाला दुकान बंद करून गेला होता. फाइलवरून फाँटचं नाव कळलं, पण त्या कंपनीच्या पुढच्या आवृत्तीत अक्षरांची बैठक बदललेली. शेवटी युनिकोडमध्ये रूपांतर करणारं एक साधन सापडलं, तेही फुकटच. (भाच्या, हसू नकोस.) त्याने बरंचसं काम केलं, नाही असं नाही. पण जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. या दोघांना उचलून योग्य जागी बसवताना हे साधन अडखळायचं. त्यातून 'ऱ्या' हे तर खास आपलं दुखणं. 'आचाऱ्यांनी'चं त्याने 'आचार्यांनी' केलं, आणि बाईंच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आचार्यांनी रात्रभर लाडू वळले! हे हसून दुरुस्त करता आलं. पण घरातली टोपणनावं, शेतांची नावं, आजीच्या तोंडचे शब्द... तिथे अक्षर गळलं असेल तर विचारायचं कुणाला? दोन महिने मी तपासत बसले. अठ्ठावीस जागी शेवटी प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

यावर भाचा म्हणतो की ही जुन्या काळची गोष्ट, आता मोठ्या कंपन्या आहेत. बरं, मोठ्यांचं बघू. गूगलची लिप्यंतराची सोय आपल्यापैकी कितीतरी ब्लॉगवाल्यांनी वापरली. इतर संकेतस्थळांना ती जोडून घेता यायची, ती सेवा बंद करणार असल्याचं त्यांनी २०११ मध्ये जाहीर केलं. पुढे विंडोजवर उतरवून घ्यायचं त्यांचं साधनही त्यांनी काढून टाकलं. फायरफॉक्समध्ये 'पद्म' नावाचं ॲड-ऑन होतं, जुन्या फाँटांतली पानं ते युनिकोडमध्ये करून दाखवायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका दमात निकामी झाली. सुरक्षिततेसाठी आणि वेगासाठी तो बदल आवश्यक होता हे मला मान्य आहे, आगाऊ सूचनाही दिली होती. पण आज जुळतं ते उद्या जुळेलच असं नाही, हे यातून कळतं. आणि कंपनी मोठी असली म्हणून तिला आपल्या 'ऱ्या'ची काळजी असते, हा भाबडेपणा आहे.

मग एकट्यादुकट्याने केलेलं वापरूच नये का? तसंही नाही. 'गमभन'ने कितीतरी मराठी संकेतस्थळांवर लोकांना लिहितं केलं, त्याचं ऋण मोठंच आहे. प्रश्न माणसं किती, हा नाहीच. करणाऱ्याने हात काढून घेतला तर दुसऱ्या कुणाला ते काम उचलता येईल का, हा आहे. विकिपीडियाचं उदाहरण घ्या. तिथे मराठी टंकनासाठी २०११ मध्ये 'नारायम' नावाची जोड आली. २०१३ मध्ये ती गेली आणि तिची जागा नव्या जोडणीने घेतली. तरी लिहिणाऱ्यांचं अडलं नाही, कारण कुठल्या कळीला कुठलं अक्षर याचे नियम उघड्यावर मांडलेले होते. ते उचलून नव्या घरात नेता आले.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी साठी उलटल्यावर इन्स्क्रिप्ट शिकले. १९८६ साली ठरलेला सरकारी कळफलक. भाचा त्याला टाईपरायटर म्हणतो. म्हणू दे. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे तो आधीपासूनच आहे, वरून काही टाकावं लागत नाही. आणि मांडणी किती शहाणी! डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की 'ख', 'ग'चा 'घ', 'प'चा 'फ'. ज्याने कुणी केलं त्याला वर्णमाला येत होती. 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. झाले आचारी! ज्यांची बोटं रोमनलाच सरावली आहेत त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वन्यात्मक कळफलकही आतच दिलेला आहे. तरीही रोज नवं काहीतरी चिकटवून घ्यायची हौस का, हे मला समजत नाही.

आणि सगळ्यात राग येतो तो लेख मागवताना अजूनही 'अमुक फाँटमध्येच पाठवा' म्हणणाऱ्यांचा. कारण विचारलं की कळतं, अंक पेजमेकरवर लागतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची! आज शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलापेक्षा ते वयाने मोठं आहे. इनडिझाइनमध्ये २०१२ पासून भारतीय लिप्यांची सोय आली, स्क्रायबस तर पैसेही मागत नाही. छापखान्याची अडचण मी समजू शकते, माणसं नव्याने शिकवायला वेळ लागतो. पण संपादक मंडळींनी मराठी टिकवण्यावर अग्रलेख लिहायचे आणि तेच अग्रलेख पंधरा वर्षांनी कुणालाही उघडता येऊ नयेत अशा फाँटमध्ये ठेवायचे, याला काय म्हणावं?

या दिवाळीसाठी एका छोट्या अंकाने माझ्याकडे लेख मागितला आहे, पत्रात फाँटचं नावही दिलं आहे. मी लेख युनिकोडमध्ये पाठवला आणि सोबत कागदावर छापून एक प्रत टपालाने दिली. आठ दिवस झाले, अजून उत्तर नाही.